न ओरडणारा ब्रेक

"ब्रेक लागत नाही!"

फराज ओरडला आणि पुढच्याच क्षणी सायकल एकीकडे, तो दुसरीकडे! ओल्या खडकावरून घसरत तो थेट ओढ्याकाठच्या वाळूत जाऊन बसला. त्याची धाकटी बहीण सायरा धावली, तिच्यामागे पाली गावचा माऊली धावला आणि माऊलीचा भुऱ्या कुत्रा तर सगळ्यांच्या आधी पोहोचला.

"लागलं का, भाई?"

"ढोपर सोललंय, दुसरं काही नाही. तू ब्रेक बघ! पूर्ण दाबला, तरी चाक थांबलंच नाही!"

काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बंकटराव बसले होते. क्रीडा मंडळाचे ते अध्यक्ष आणि प्रशिक्षकही तेच. प्रशिक्षक म्हणजे गळ्यात शिट्टी आणि डोक्यावर टोपी, एवढंच. त्यांना सायकलवर बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या पालीत सापडला नसता.

"नाचता येईना अंगण वाकडं!" खुर्चीतून न उठताच ते म्हणाले. "ब्रेकला कशापायी नावं ठेवतो बे? कालच खंडेनवमीला मंडळाच्या ह्या सायकलची पूजा केलीय मी. भ्यालास, असं सांग की सरळ! उद्या स्पर्धेत आमचा सत्यम उतरंल. तू जा अब्बाच्या गाड्यावर सीताफळं विकायला!"

बंकटरावांचा पुतण्या सत्यम चौथीत होता. त्याने एकदा त्या उंच खडकाकडे पाहिलं आणि तो हळूच काकांच्या खुर्चीमागे सरकला.

हा खेळच मोठा अवघड! यात शर्यत नसते. सीट नसलेल्या सायकलवर उभं राहून, पाय न टेकवता, एका खडकावरून दुसऱ्यावर उड्या मारत जायचं. उडी मारून उतरलं की दोन्ही चाकं जागच्या जागी खिळली पाहिजेत. नाहीतर कपाळमोक्ष! त्यातून परतीच्या पावसाने ओढ्यातले सगळे खडक शेवाळले होते.

पावसाळाभर दर रविवारी फराज बीडहून इथं येऊन सराव करायचा. पाण्याची बादली घेऊन सायरा आणि माऊली त्याच्याबरोबर. रिमवर पाणी ओतायचं आणि ब्रेकची रबरं बदलून पाहायची. कडक काळी रबरं कोरड्यात ठीक होती, पण ओल्यात साफ फसवायची. मऊ रबरं लवकर झिजायची, पण पाण्यातही चावा सोडायची नाहीत. रिम मुद्दाम मशीनने घासून खरखरीत केलेली होती, म्हणून ब्रेक दाबला की तो किंचाळायचा. माऊलीच्या शेळ्या उधळायच्या! टायरचंही तसंच. मऊ रबराचं, रुंद, आणि अंगठ्याने दबेल एवढीच हवा. मग ते खडकाच्या कडेला पंजासारखं धरून बसतं. हे सगळं तिघांनी पडून, झडून शोधलं होतं. आता स्पर्धेसाठी तर भावंडं चार दिवस आधीच माऊलीच्या घरी राहायला आली होती.

आणि बंकटराव म्हणतात, भ्याला!

मोठ्या माणसांबद्दल सायराचं मत आधीही फारसं बरं नव्हतं. त्यांना सगळं ठाऊक असतं आणि विचारायचं कुणालाच नसतं, असं ती नेहमी म्हणायची. पण आज तिला नुसता राग आला नाही, तर त्या शिट्टीची आणि टोपीची अक्षरशः कीव आली.

"माऊली," ती एकदम थांबली. "भाई पडला तेव्हा तू काय ऐकलंस?"

"फराज वरडला. आन् धप्प!"

"आणि ब्रेक?"

माऊलीने डोकं खाजवलं. "ब्रेक? न्हाई गड्या! ब्रेक तर वरडलाच न्हाई. माज्या शेळ्या बी निवांत चरत व्हत्या!"

"तेच तर! परवापर्यंत किंचाळणारा ब्रेक आज मुका कसा झाला?"

बंकटराव जेवायला गेले तशी तिघांनी सायकल बाभळीखाली उलटी उभी केली. टायर दगडासारखं टणक होतं. कुणीतरी ठासून हवा भरली होती. ते काळंभोर चमकतही होतं. आणि तेवढ्यात भुऱ्या आला, पुढच्या चाकाजवळ बसला आणि रिम चाटायला लागला. अगदी मन लावून!

"अरे, हाड!" माऊली ओरडला. "घरात भाकर टाकली तरी नाक मुरडतंय, आन् इथं लोखंड चाटतंय!"

सायराने रिमवर बोट फिरवलं आणि नाकाशी धरलं. मग तिने वर्तमानपत्राचा तुकडा रिमवर घासला. कागदावर तेलाचा डाग पसरला आणि त्यातून पलीकडचं दिसायला लागलं.

"खोबरेल!"

फराजने ब्रेकचं रबर काढून दाबलं, तर तेही तेलाने तुळतुळीत झालेलं. "मऊ रबर तेल पिऊन बसतं. आता हे धुऊनही कामाचं नाही," तो म्हणाला. "पण खोबरेल इथं आलं कुठून?"

सायराला आदल्या दिवशीची बंकटरावांच्या अंगणातली रांग आठवली. जीप, ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि शेवटी ही सायकल. सगळ्यांना झेंडूचे हार. बंकटरावांच्या जीपची टायरं दर नवमीला काळीभोर चमकायची, आणि खोबरेलचा डबा घेऊन त्यांना ते स्वतः चोळायचे. साऱ्या गावाला ते ठाऊक होतं. हात जीपवरून सुरू झाला तो सायकलपर्यंत थांबलाच नसणार!

तिघं धावत बंकटरावांकडे गेले. ते ढेकर देत होते.

"काका, सायकलला तेल लावलंय का तुम्ही?"

"पोरांनो, आमी काय गवत खातो? मला सायकल शिकवता?" शिट्टी बोटाभोवती फिरवत ते म्हणाले. "सायकलला काय बी झालेलं न्हाई. पळा!"

"उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस हाय ह्यो," बाहेर येऊन माऊली म्हणाला. "मी रोज हाकतो, मला इचारा! शेळ्या हाकायला खाली उतरावं लागतं."

सायराचे डोळे चमकले. "मग उतरवू या की त्यांना!"

त्याच संध्याकाळी सगळं गाव दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला ओढ्यापाशी जमलं. सरपंच दगडाबाई आपट्याच्या पानांची जुडी घेऊन पुढे उभ्या होत्या. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतले बंकटराव दिसेल त्या पाहुण्याला धरून स्वतःची कामगिरी ऐकवत होते. माऊलीने आधीच काठी घालून म्हशींच्या डबक्याची खोली पाहून ठेवली होती. गुडघाभर चिखल, खाली एकही दगड नाही. त्या डबक्याशी संपणारा एक बेताच्या उताराचा ओला खडकही त्यांनी हेरला होता.

"काका," सायरा गोड आवाजात म्हणाली, "उद्याच्या फलकावर तुमचा फोटो नको का? पण प्रशिक्षक खुर्चीत बसलेला काय बरा दिसतो!"

"खरंय पोरी!" बंकटराव फुलले. "सायकलवरच काढा!"

"या खडकावर उभे राहा. फक्त ब्रेक दाबून धरायचा. ब्रेक लागतो ना, काका?"

"लागतो म्हंजे? पक्का लागतो!"

फराजने सायकल धरली. बंकटरावांनी टोपी सरळ केली, शिट्टी छातीवर मधोमध आणली, दोन्ही पाय पॅडलवर ठेवले आणि दात दाखवून हसले.

"सोडू, काका?"

"सोड की!"

फराजने हात काढले. ब्रेकमधून आवाज आलाच नाही. चमकदार चाकं शेवाळावरून अशी सुळकन निघाली की बंकटरावांचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

"अरे! अरे! ब्रेक लागत न्हाई! धरा! ब्रेक लागत न्हाई रेऽऽ!"

धपाक!

म्हशी तेवढ्या बाजूला झाल्या. सगळं गाव खो खो हसत सुटलं.

सायरा मात्र हसली नाही. काठावर उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, "सकाळी भाईसुद्धा हेच म्हणाला होता, काका. तेव्हा तुम्ही त्याला भ्याड ठरवून सत्यमला उतरवणार होतात!"

"मग लागंल कसा?" चिखल पुसत बंकटराव खेकसले. "खोबरेल जरा जास्तच झालं आसंल!"

आणि त्यांनी जीभ चावली.

"कसलं खोबरेल?" दगडाबाई पुढे आल्या.

"न्हाई, म्हंजे... टायरं चमकावी म्हणून. पाव्हणे येणार, फोटो निघणार. आन् तो ब्रेक लई कर्कश वरडायचा, म्हणून त्याला बी दोन थेंब..."

"आन् हवा?" माऊलीने विचारलं.

"ती बी मीच भरली. टायर कसं टणक पाहिजे!"

दगडाबाईंनी त्यांच्याकडे नखशिखान्त पाहिलं. "बंकट, तव्याला तेल लावत्यात, धिरडं चिकटू न्हाई म्हणून! तवा आन् ब्रेक, यातला फरक बी तुला कळंना व्हय? आन् लेकराला भ्याड म्हणालास! उद्या त्या सत्यमला ह्याच सायकलवर उभा करणार व्हतास ना? नाचता येईना, आन् अंगणाला तेल लावलंस!"

त्यांनी जुडीतली दोन पानं काढून बंकटरावांच्या चिखलाळलेल्या हातात दिली. "सोनं लहान्यानं मोठ्याला द्यायचं असतंय. आज इथं मोठा कोण, ते दिसलंच हाय. दे फराजला!"

बंकटरावांनी इकडेतिकडे पाहिलं. सुटकेला वाट नव्हती. "घे बाबा सोनं," ते पुटपुटले. "तू खरं बोलत व्हतास."

फराजने पानं घेतली आणि जपून खिशात ठेवली. सायराला इतका आनंद झाला की तिने भुऱ्यालाच मिठी मारली.

अंधार पडायच्या आत तिघांनी राखेने आणि साबणाने टायरं, रिम खसाखसा घासून काढली. तेल प्यायलेली रबरं फेकून फराजने जपून ठेवलेली मऊ रबरं बसवली आणि अंगठा दबेल इतकी हवा सोडली. "आता माज्या शेळ्या बांधून ठेवाव्या लागत्याल!" माऊली म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उंच खडकावर फराज उतरला आणि ब्रेक असा किंचाळला की पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. चाकं मात्र शेवाळावर जिथल्या तिथं खिळली. एकदा, पुन्हा, पुन्हा! शेवटच्या खडकापर्यंत त्याने पाय टेकवला नाही. सायराला तो कर्कश आवाज कितीही वेळ ऐकत राहावा असं वाटत होतं.

"वा! अशा पाण्यात अशी पकड!" बाहेरगावचे पंच थक्क झाले. "ही रबरं आणि टायरं निवडली कुणी?"

बंकटरावांनी छाती पुढे काढून तोंड उघडलं. दगडाबाईंनी नुसती मान वळवली. तोंड मिटलं.

"या पोरांनी," दगडाबाई म्हणाल्या. "लेकरं हायत, पण आमच्या गावात सगळ्यात शहाणी हीच!"

बंकटराव खुर्चीत परत बसले. खुर्चीखाली शिरून भुऱ्या त्यांचे काळेभोर चमकणारे बूट चाटत होता.