बुधवारची मीटरताई

अशी कल्पना करून बघा, की तुम्ही नऊ वर्षांचे आहात. कुंपणाच्या कठड्यावर बसून पाय हलवताय, आणि समोर तुमचा मामा गाडी धुतोय. आपल्या गोष्टीतली भाची तशीच बसली होती. तिचा मामा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शिकणारी माणसं गाडी कुठेही घालतात, म्हणून ती रोज मळायची, आणि मामा ती रोज पाइपने धुवायचा. आधी टप, मग चाकं, मग वाळकी पानं ढकलायला अख्खं अंगण. पाणी फाटकाखालून रस्त्यावर जायचं.

त्या दिवशी ते एका तरुणीच्या चपलांत शिरलं.

"ही नदी तुमचीच का?" तिने विचारलं.

मामाने पाइप पाठीमागे लपवला. पाइप चालूच होता, त्यामुळे त्याची पँट भिजली.

ती पाणीखात्यात मीटर वाचायच्या कामावर होती. कानामागे पेन्सिल, खांद्याला पिशवी. भाचीने मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं, मीटरताई. तिने मीटरचं झाकण उघडलं आणि भुवया वर केल्या.

"घरात माणसं किती?"

"तीन. मी, बहीण आणि ही."

"आणि पाणी दहा जणांचं! हत्ती पाळलाय?"

"नाही... गाडी आहे."

घराचं नाव जादा वापराच्या यादीत गेलं. यादीतल्या घरांची दर बुधवारी तपासणी व्हायची. पुढच्या बुधवारी ती आली, तेव्हा मामा केस विंचरून उभा होता.

"पाइप गुंडाळा," ती म्हणाली. "दोन बादल्या आणा. गाडी सावलीत घ्या, उन्हात पाण्याचे डाग पडतात आणि तुम्ही परत धुता."

"परत धुतो खरं."

"कोरडं फडकं नको, धुळीने ओरखडे उठतात. ओलं करून पिळून घ्या. टपापासून खाली या, चाकं शेवटी. दुसरी बादली फडकं खळबळायला."

"आणि अंगण?"

"अंगणाला झाडू असतो. ओळख नसेल तर करून देते."

भाची खुदकन हसली. मामा बाजूचा आरसा पुसू लागला... पुसतच राहिला.

"झाला की स्वच्छ," मीटरताई म्हणाली.

"अजून नाही," मामा म्हणाला. आरशात ती दिसत होती.

असे सहा बुधवार गेले. मीटरचा आकडा उतरत गेला. सहाव्या बुधवारी तिने वहीत खूण केली.

"शाब्बास. यादीतून नाव निघालं."

"म्हणजे?"

"म्हणजे आता मी दोन महिन्यांनी." पेन्सिल कानामागे ठेवताना तिच्या हातून ती दोनदा पडली.

दोन बुधवार कोरडे गेले. मग एक दिवस भाची शाळेतून आली, तर गाडी सावलीत लखलखीत, कोरडी. पाइप मात्र झाडाच्या बुंध्याशी धो धो वाहत होता, आणि मामा पायरीवर बसून होता.

"मामा, पाणी!"

"राहू दे. जरा आकडा वाढायला हवा," मामा म्हणाला. "नाव यादीत यायला हवं."

चार दिवस हेच चाललं. शनिवारी ती आली. गाडी पाहिली, पाइप पाहिला, आणि आधी नळ बंद केला.

"गाडी तर कोरडी आहे."

"हो."

"गल्लीच्या टोकाला माझी आई राहते. महिनाभर तिच्या नळाला छान धार होती. मी तुमचं कौतुक केलं होतं तिच्यापाशी." तिचा आवाज बारीक झाला. "चार दिवस करंगळीएवढी धार. आज तीही नाही. मी सकाळपासून फुटलेली पाइपलाइन शोधत फिरतेय."

मामा उभा राहिला. आता ही पुन्हा कधी बोलणार नाही, हे त्याला दिसत होतं.

"मला यादीत यायचं होतं," तो म्हणाला. "यादीतल्या घरी तुम्ही येता... बुधवारी."

तिने नळ आणखी घट्ट पिळला.

"टोकाला राहते ती तुमची आई, हे ठाऊक नव्हतं," मामा म्हणाला.

"टोकाच्या घरात कुणाची तरी आई असणारच."

"चुकलं," मामा म्हणाला. सारवासारव केली नाही, हसलाही नाही. "माझं चुकलं."

तिने पाइप उचलून गुंडाळून ठेवला. मग म्हणाली, "यादी कशाला लागते? तोंडाने विचारायचं."

"काय?"

"बुधवारी येता का, असं."

"येता... बुधवारी?"

"बुधवार लांब आहे," ती म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले. "आधी आईला पाणी द्यायचंय."

आता तुम्ही विचाराल, भाचीने काय केलं? ती घरात पळाली. दोन कळशा स्वच्छ विसळून बोटभर कमी भरल्या. मामाला हाक मारून त्या बाहेर आणायला लावल्या, आणि एक मीटरताईच्या हाती दिली. थेंबही सांडू नये म्हणून दोघं इतकी हळू निघाली, की गल्ली एकदम लांबच लांब वाटायला लागली.

"चल ना गं तूही," मामाने वळून म्हटलं.

"मला अभ्यास आहे," भाची म्हणाली. आणि शनिवारच्या दुपारी, जन्मात पहिल्यांदा, आपणहून दप्तर उघडून बसली.