सोमवारची तारीख

निघोजे गावातल्या कारखान्यात मंगळवारी सकाळी प्रेस मशीनखाली सापडून ज्योतीराम गेला. शुक्रवारी तपासणीला आलेल्या तेजस्विनीने त्याच मशीनमध्ये लाकडी पट्टी सरकवली. हात आत आला की मशीन थांबवणाऱ्या सेन्सरने पट्टी हेरली आणि मशीन जागीच थांबलं.

म्हणजे सेन्सर शाबूत होता.

सुपरवायझर बबनरावांचं म्हणणं सरळ होतं. माल लवकर निघावा म्हणून ज्योतीरामनेच सेन्सर बंद केला असणार. मशीन नव्याने सुरू केलं की तो आपोआप चालू होतो. कारखाना निरीक्षकही तसंच लिहिणार होते. बाहेर बाकावर ज्योतीरामची बायको सुमनताई बसून होती. औशाकडची. तिने तेजस्विनीला एवढंच सांगितलं होतं, की नवरा गल्लीच्या टोकाला दूध आणायला निघाला तरी हेल्मेट घालायचा.

मशीन चालवणारा प्रोग्राम तेजस्विनी नोकरीला होती त्या हिंजवडीतल्या कंपनीचा. पंधरा दिवसांपूर्वी इथला विंडोजचा संगणक काढून लिनक्सचा बसवला होता. सुरू होताना प्रोग्राम सेन्सरचं मॉड्यूल, म्हणजे सेन्सर चालवणारा भाग, वेगळ्या फाइलीतून उचलतो. विंडोजसाठी बांधलेली फाइल लिनक्सवर चालत नाही, ती नव्याने बांधावी लागते. ते काम तिचे वरिष्ठ शेखर सरांचं. तिला हे सगळं शिकवलं तेही त्यांनीच. आज ते सोबत आले होते, पण चहालाही हात लावत नव्हते. बुधवारी तिने ऑफिसातला, फाइली बांधणारा जुना कंपायलर काढून नवा घातला, तेव्हा ते मागे उभे राहून बघत होते.

तिने सेन्सरची फाइल उघडली. तारीख सोमवारची, अपघाताच्या आदल्या दिवसाची. कंपायलर फाइलीत आपली खूण सोडतो, ती तिने वाचली. पुन्हा वाचली.

"बबनराव, अपघातानंतर इथे कुणी हात लावला?"

"न्हाई. मशीनला सील व्हतं."

"आणि संगणकाला?"

"त्यो चालूच ठिवला. तुमच्या सरांनीच फोनवर सांगितलं, बंद केला तर नोंदी जातील म्हणून."

"नेटची वायर?"

"ती बी तशीच."

ती शेखर सरांकडे वळली.

"सर, नवा कंपायलर बुधवारी आला. त्याची खूण सोमवारच्या फाइलीत कशी?"

त्यांनी चहाचा कप दूर सारला. तीच पुढे बोलली.

"तारीख मागे नेता येते. खूण पुसायची राहिली. मंगळवारी ही फाइल इथे नव्हतीच. मॉड्यूल सापडलं नाही तर मशीन सुरूच व्हायला नको. पण सेन्सर नसला तरी पुढे जा, असं तुम्ही प्रोग्रामात लिहून ठेवलंत. ज्योतीरामने काही बंद केलं नाही. बंद करायला काही नव्हतंच. फाइल तुम्ही नंतर बांधलीत आणि ऑफिसातून नेटवरून इथे पाठवलीत, म्हणून आज सेन्सर चालला."

"जुन्या कंपायलरने ती लिनक्ससाठी बांधली जात नव्हती," शेखर सर म्हणाले. "मशीन द्यायची तारीख ठरलेली. आठ दिवसांत टाकू, असं मनाशी धरलं होतं."

बबनराव खाली बसले. "आन् आमी मेलेल्या माणसावर ढकलत व्हतो."

जबाब शेखर सरांनी स्वतःच्या हाताने लिहिला. खाली साक्षीदार म्हणून सही करताना तेजस्विनीला अक्षरं दिसेनाशी झाली.

ती बाहेर गेली आणि तिने सुमनताईला थोडक्यात सांगितलं.

"म्हंजे त्यांनी बंद केलं नव्हतं?"

"नाही."

सुमनताईने सासऱ्यांना फोन लावला. म्हाताऱ्याला कमी ऐकू यायचं. "तुमच्या लेकाची चूक नव्हती," ती मोठ्याने म्हणाली. पलीकडे कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी आवाजच फुटेना, तेव्हा तेजस्विनीने फोन हातात घेतला आणि ते वाक्य तिने सांगितलं.