पायातली नस हातात

हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला आणि राइट टाउन मोहल्ल्याचे दिवे फटाफट विझले. एकाहत्तरचा डिसेंबर, लढाईचे दिवस. तोफांच्या कारखान्यात नकाशे काढणारी शरयू सायकलवरून घरी निघाली होती. वळणावर समोरून दुसरी सायकल आली, मागे खिडकीची काच बांधलेली… खळ्ळकन आवाज झाला. उजव्या मनगटाच्या वर काहीतरी गरम गरम वाहतंय, एवढंच तिला कळलं.

"दीदी, हाथ ऊपर! ऊपर रखिए!" समोरच्या सायकलवाल्याचा घाबरा आवाज आला.

"आई गं…"

"अरे — तुम्ही मराठी?"

एवढ्या कळांतही तिला संताप आला. "काहून? मराठी रक्त वेगळं निघतं काय?"

त्याने गळ्यातला मफलर तिच्या हाताला आवळून बांधला आणि सायकलरिक्षात तो हात वर धरून इस्पितळापर्यंत बसून राहिला. नाव नीलकंठ. रिछाईच्या एका लहानशा कारखान्यात फिटर होता.

जखम भरली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं मेल्यासारखी झाली. पेन्सिल धरली की गळून पडायची. एकदा उकळत्या चहाच्या पातेल्याला बोट चिकटलं, टरारून फोड आला, तरी शरयूला कळलं नाही. फोड डोळ्यांनी बघितला तेव्हाच कळलं. नकाशे काढणारा हात हा — आता?

फेब्रुवारीत मोठ्या डॉक्टरांनी हात तपासला. "मज्जातंतू तुटलाय. टोकं आखडून लांब गेलीत. मध्ये तुकडा जोडावा लागेल. पोटरीतून काढू."

"पायातली नस हातात?" शरयूचे वडील, शरच्चंद्र, तिच्या पायांकडे बघत राहिले. "अन् पाय?"

"पावलाची एक कड बधिर होईल. चालता येईल."

ठिगळ लावायचं ते कापडाला. माणसालाही लावतात?

तेवढ्यात दारातून आवाज आला. "डॉक्टरसाहेब, माझ्या पायातली घ्या. दोन्ही पायांतली घ्या पाहिजे तर."

सगळ्यांनी वळून बघितलं. नीलकंठ! खबर विचारायला तो इस्पितळात यायचा, बाहेरूनच परत जायचा. आज तो आत आला होता, आणि आपण काय बोलून बसलो हे कळून कानापर्यंत लाल झाला होता.

"तुम्ही कोण हो तिचे?" वडिलांनी विचारलं.

"मी… कोणीच नाही जी."

शरयू त्याच्याकडे बघतच राहिली. जेमतेम ओळखीचा माणूस पाय देऊन राहिला! काळजात काहीतरी लख्खकन चमकलं.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "दुसऱ्याचा तुकडा शरीर टिकू देत नाही. तिचाच हवा. आणि तोही वाट म्हणूनच. वरच्या टोकातून नवे तंतू फुटतात, त्या वाटेने बोटांकडे येतात. आठवड्याला साधारण तांदळाच्या दाण्याइतके."

शस्त्रक्रिया झाली. मग दर रविवारी नीलकंठ घरी यायला लागला. ओसरीवर बेबीआत्या जवानांसाठी स्वेटर विणत पहारा द्यायची. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे तो शरयूच्या हातावर मनगटाच्या दिशेने हळूहळू टिचक्या मारायचा.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"आई गं! बोटांपर्यंत झिणझिणलं!"

"झटका कुणाचा? माझा की नसेचा?"

"नसेचा. तुमच्यात कुठे एवढा करंट!"

झिणझिणीची जागा, म्हणजे नस पोचली तिथली खूण, दर खेपेला किंचित पुढे सरकलेली असायची. मनगट, तळवा… नागपंचमीच्या दुपारी, आत्या विणता विणता घोरत असताना, बोटं जागी झाली. नीलकंठने तिला डोळे मिटायला लावले आणि एका बोटाला हात लावला.

"अंगठा!" ती आनंदाने ओरडली.

तिने डोळे उघडले. त्याने मधलं बोट धरलं होतं.

शरयूने हात ओढून घेतला. "म्हणजे… वाटा चुकल्या?"

"डॉक्टर बोलले होते न्, काही तंतू भलतीकडे जातात. रोज आधी बोट बघून, मग डोळे मिटून शिकवायचं, मग डोकं समजून घेते."

"रोज?" तिचा आवाज चिरकला. "तुम्ही काहून रोज याल? काच तुमची होती म्हणूनच येता ना… फिटलं सगळं. नका येऊ उद्यापासून."

नीलकंठला थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्याने सायकलची किल्ली खिशातून काढली, पुन्हा आत टाकली.

"पहिला महिना काचेसाठीच आलो," तो म्हणाला. "झूठ नाही बोलत. मग… रविवार उशिरा का येतो, असं वाटून राहिलं. लढाई संपली, ऑर्डरी संपल्या, कारखाना मला कटनीला पाठवून राहिलाय. मी नाही म्हणून आलो काल."

"नोकरीला नाही म्हणालात?"

"दुसरी पाहीन. हा हात कटनीहून कसा शिकवणार?"

तिने डोळे मिटले आणि हात पुढे केला. त्याने या वेळी अख्खा हात ओंजळीत घेतला.

"कुठलं बोट?" त्याने हळूच विचारलं.

"कळत नाही… पण सोडू नका."

"मग तुझ्या बापाला, शरदला, सांगू काय?"

दोघं दचकून उडाले. आत्या! मघापासून घोरत होती ना ती?

"सांगा आत्या," शरयू म्हणाली. आणि नीलकंठहून, आत्याहून जास्त धक्का बसला तो तिचा तिलाच.