निळ्या शेडमधली गप्प कुत्री

"अकरा कुत्री, अन् एकही भुंकत नाई?" शाजियानं सायकलचा ब्रेक करकचून दाबला. "आमच्या घरी माकड आलं तं कोंबडासुद्धा बोंबलते!"

मागून तिची मैत्रीण रिंकू आणि रिंकूचा धाकटा भाऊ मिथुन धापा टाकत आले. समोर लटारूभाऊची नवी निळी शेड. टिनाच्या छपरावर तीन माकडं धाडधाड नाचत होती आणि आत रिंकूची टिपरी होती. टिपरी! पोस्टमनला वेशीपर्यंत पळवणारी टिपरी!

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की पोंभुर्ण्याजवळचं हे गाव पहाटेच तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाई. मागच्या वर्षी टिपरी दावं कुरतडून मागोमाग गेली आणि बिबट्यानं तिचा अर्धा कान नेला. म्हणून यंदा रिंकूच्या बाबांनी, मनसारामनी, बजावलं होतं, "दिवसभर सांभाळणारी चांगली जागा भेटली तं ठीक. नाई तं टिपरी सिरोंच्याले मामाकडे. कायमची!"

लटारूभाऊची पाटी झोकदार होती. 'कुत्री दिवसभर सांभाळू. चारच्या आत भेटू नये.' सगळे म्हणत, किती शांत ठेवतो! मोठ्यांना पाटी वाचता येते, कुत्रं वाचता येत नाही. त्याला कोण काय करणार?

तिघांनी बांबूच्या तट्ट्याला डोळे लावले. टिपरी जीभ काढून आडवी पडली होती.

"टिपरे!" रिंकू कुजबुजली.

शेपटीचं टोक तेवढं हललं. पाण्याचं भांडं कोरडं ठाक. शेजारी घमेलं. मिथुननं नाक फेंदारलं. "मोहाचा वास येऊन राह्यला!"

खरंच! भाकरीत दारूसाठी आंबवलेल्या मोहफुलांचा चोथा कालवला होता. आणि लटारूभाऊ? झाडाखाली बाजेवर घोरत होते! पोटावरचा रेडिओ एकटाच गात होता.

रिंकूचे डोळे भरले. "मी बाबाले सांगतो!"

"अन् तेवढ्यात हा घमेलं धुते! म्हणते, पोरं खोटं बोलून राह्यली." शाजियानं छपराकडे पाहिलं. "मोठ्याहीलेच पाहू दे. मिथुन, खिशात काय आहे?"

"फुटाणे. माह्ये आहेत!"

"होते!"

तीन वाजता शेजारच्या फळीवर, म्हणजे पानांचे पुडे जमा करायच्या मैदानावर, सारं गाव आलं. मिथुननं जड मनानं फुटाणे छपरावर भिरकावले. धाड! धाड! आठ माकडं! सगळ्यांच्या माना वळल्या.

"बाबा!" रिंकू ओरडली. "डोक्यावर माकडं नाचून राह्यली, अन् टिपरी गप काऊन?"

मनसाराम थबकले. हातातला पुडा टाकून ते तडक शेडमध्ये घुसले. बाहेर आले ते टिपरीला खांद्यावर घेऊन. दुसऱ्या हातात घमेलं.

"मी मारलं थोडीच?" लटारूभाऊ चाचरले. "शांत ठेवलं!"

"शांत?" रिंकूची आई गिरजाबाई कडाडल्या. "तुह्या पाळण्यातल्या लेकराले असंच शांत करशील का रे?"

लटारूभाऊंनी मान खाली घातली. लोक कुत्र्यांना पाणी पाजायला धावले.

दुसऱ्या सकाळी टिपरी उठून उभी राहिली, पण बाबा म्हणाले, "आता सिरोंचाच!"

"एक दिवस द्या न, बाबा!" रिंकूनं हात जोडले. "एकच!" ते म्हणाले.

मग तिघं गेली तलावापाशी, कुत्री सांभाळणाऱ्या सोमारीआजीकडे. आधी न सांगता, आणि दोनदा! तिथं पाटी नव्हती. कुडाचं कुंपण, आंब्याची सावली आणि कान किटवणारी भुंकाभुंक!

"सरका! पाणी बदलून राह्यली मी!" आजी खेकसली. मग टिपरीच्या तुटक्या कानाशी हळूच बसली. "खाते काय? कोणाशी भांडते? दुखते कुठी?"

लटारूभाऊंनी यातलं काहीच विचारलं नव्हतं.

"आजी, दुपारी पाहाले येऊ?"

"कवाही ये! न सांगता ये!"

दुसऱ्या दिवशी टिपरी तिथं राहिली. जंगलाच्या वाटेवर गिरजाबाईंनी तिघांकडे पाहिलं. "आम्ही पाटी पाह्यली, पोराहीनं कुत्रं पाह्यलं. आतापासून राखणदार हेच निवडतीन!"

"अन् माह्ये फुटाणे?" मिथुननं विचारलं. त्यांनी हसत ओच्यातले मूठभर काढून दिले.

इतक्यात तलावाकडून ओळखीचा आवाज आला. भो! भो! भो!

"किती वरडते!" मनसाराम कुरकुरले. मग थांबून, कान देऊन ऐकू लागले. त्यांनी रिंकूच्या पाठीवर थाप मारली. "वरडू दे! वरडते, म्हणजे बरी आहे. सिरोंच्याच्या मामाले सांगा, कुत्रं येत नाई!"