उरलेली दोरी

डोंगर चढणाऱ्यांच्या त्या गटात सगळे त्यांना टेलरकाकू म्हणत. साठी उलटल्यावर त्या या नादाला लागल्या होत्या. आयुष्यभर शिलाई मशीनवर वाकून पाठीला बाक आला होता, पण बोटांची पकड शाबूत होती. नवरा गेल्यावर कपाट आवरताना त्यांना बुटांचा खोका सापडला. निवृत्तीनंतर डोंगर चढायचे म्हणून यजमानांनी घेतलेले बूट. निवृत्ती आली ती आजारपण घेऊनच. बुटांच्या तळांना माती लागलीच नाही.

आजारपणात यजमान मशीनशेजारी खुर्ची टाकून बसत आणि सुईत दोरा ओवून, गाठ मारून देत. काकूंचीच गाठ, एक जादा वेढा दिलेली. मग काकू त्यांचीच पँट कमरेत आत घेत. थोड्या दिवसांनी पुन्हा आत. शेवटच्या खेपेला ती कंबर काकूंच्या हाताने बरोबर तीन विती भरली होती. बाकी पुष्कळ विसरलं, पण मापं त्यांच्या हातातून कधी गेली नाहीत.

त्या दिवशी परीक्षा होती. हा कडा नीट चढला तरच सर त्यांना मोठ्या शिखरावर नेणार होते. सर म्हणजे लेकीच्या वयाचा प्रशिक्षक. लेकीने निघताना फोन केला होता.

"आई, नापास झालीस तर मी सगळ्या ऑफिसला चहा पाजणार आहे."

"आणि पास झाले तर?"

"तर तू पाज. मला घोट उतरायचा नाही."

कड्याच्या पायथ्याशी सरांनी काकूंच्या कमरेची गाठ तपासली आणि कपाळाला हात लावला.

"काकू, परत जादा वेढा? हे कापड नाहीये. घाईत सोडवायची वेळ आली तर नखं तुटतील."

"हात ऐकत नाही हो माझा."

"सर, जपून," दोरीवरचा मधला गडी म्हणाला. तो निवृत्त पोस्टमन होता. "उसवायची मजुरी वेगळी लावतात त्या."

काकूंनी गाठ सोडून नव्याने बांधली. पुढे सर, मध्ये पोस्टमन, शेवटी काकू. त्यांच्यामागे कुणी नाही, म्हणून उरलेल्या दोरीचं वेटोळं त्यांच्या खांद्यावर. सरांचा नियम साधा होता. शेवटच्याने पुढच्याला ओढ द्यायची नाही. ज्याची ओढ बसली तो दमला. आणि उंचीवर ज्याला भलतंसलतं जाणवायला लागलं, त्याला तिथूनच खाली आणायचं.

अर्ध्यावर धुकं उतरलं. पोस्टमनची पाठ आधी करडी झाली, मग दिसेनाशी झाली. दगड ओले, गार. बुटांच्या करकरीखेरीज आवाज नाही.

खांद्यावरचं ओझं कमी झाल्यासारखं वाटलं. काकूंनी चाचपलं. वेटोळं उलगडत होतं. दोरी मागे, खाली, धुक्यात जात होती.

दगडात अडकली असेल, असं म्हणून त्यांनी झटका दिला. दोरी मोकळी झाली, आणि दुसऱ्या पावलाला पुन्हा ताणली गेली. दगडाचा ताण एकसारखा असतो. हा ताण पावलागणिक सैल पडत होता, घट्ट होत होता.

कुणीतरी थांबून थांबून चढत होतं.

"काकू, ठीक ना?" वरून सरांचा आवाज आला.

खरं सांगितलं असतं तर मोठं शिखर तिथेच संपलं असतं.

"ठीक," काकू म्हणाल्या.

त्यांनी कंबर आवळली. मागचं वजन पुढे पोस्टमनपर्यंत पोचू नये म्हणून ते सगळं स्वतःच्या टाचांवर पेललं. एका अवघड पायरीशी ओढ फार झाली. काकूंच्या तोंडून नकळत, घराच्या जिन्यावर म्हणायच्या तसंच, हलकेच निघालं.

"अहो, सावकाश. घाई नाही."

दोरी सैल झाली.

माथ्यावर पोचल्यावर काकू धुक्याकडे पाठ करून बसल्या आणि दोरी वर ओढायला लागल्या. ती सहज आली. टोकाशी फास होता, माणूस कमरेला बांधतो तसा.

गाठीला एक जादा वेढा होता.

काकूंनी हातमोजे काढले. फास मांडीवर पसरला आणि वितीने मोजला. पुन्हा मोजला.

तीन विती भरत नव्हत्या.

"पास," मागून सर म्हणाले. "जरासुद्धा ओढ लागली नाही तुमची. शिखरावरही तुम्हालाच शेवटी ठेवणार." त्यांनी घड्याळ पाहिलं. "चला, उतरू या. उतरताना क्रम उलटा. काकू, तुम्ही पुढे."

पोस्टमन उठला. काकूंनी फास सोडवला नाही. तो मांडीवरून घसरला, कड्याच्या काठावरून खाली गेला, आणि त्याच्यामागून दोरी सरसरत धुक्यात शिरली.

मग थांबली.

काकू पहिल्या पायरीवर उभ्या राहिल्या. दोरी हळूच ताणली गेली. आता ओढ पुढून होती.