भावनाची प्लेट

दातांना तारा लावायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच पुराण ऐकवतो. ऊस दाताने सोलायचा नाही. दर महिन्याला यायचं. तारा निघाल्या की रात्री प्लेट लावायची, नाहीतर दात पुन्हा आपल्या जुन्या जागेवर जातात. आणि एकाची प्लेट दुसऱ्याच्या तोंडात बसत नाही, सख्ख्या बहिणीच्याही नाही. अंबडला बसस्टँडसमोर, मोसंबीच्या दुकानावरच्या खोलीत बावीस वर्षं हेच बोलतोय.

दीपमाला मॅडम शाळेत शिकवतात. त्यांची थोरली, भावना, माझीच पेशंट. मोठी हट्टी पोर! सांगूनसवरूनही ऊस खाल्ला आणि पुढच्या दाताचा कोपरा उडवून आली. डावीकडचा दात जरासा तिरकाच ठेवा म्हणाली, तोही मी ठेवला. प्लेटचा मात्र तिला भारी कंटाळा. त्यावरून मी तिला फाडफाड बोललो होतो. तारा निघून दोन महिने झाले आणि डेंग्यूने ती गेली. त्या बोलण्याचं मला अजून वाईट वाटतं.

चार वर्षांनी मॅडम धाकट्या अक्षताला घेऊन आल्या. पोरीच्या पुढच्या दोन दातांत फट होती. बाकी दात छान.

"ताईसारखे करा," मॅडम म्हणाल्या.

"फट राहू द्या ना," अक्षता पुटपुटली. "पप्पांची बी अशीच हाय."

"गप बस. सरांना कळतं."

तेव्हाच पोरीचं ऐकायला हवं होतं. मी तारा बांधल्या.

जी फट मिटायला चार-पाच महिने लागतात, ती तीन आठवड्यांत मिटली. खोटं कशाला बोलू, मी खूश झालो. दुसऱ्या महिन्यात डावीकडचा दात वळायला लागला, तार ओढत होती त्याच्या बरोबर उलट. मी तार बदलली. तो वळतच राहिला. तिसऱ्या महिन्यात पुढच्या दाताचा कोपरा उडालेला होता.

"ऊस खाल्लास ना?"

"शप्पत न्हाई सर. सकाळी उठले तर असाच व्हता." तिचे डोळे भरून आले. "आरशात बघायची भीती वाटून राह्यली. सर, माझे दात मला परत द्या."

"देतो की! त्यात काय एवढं?" मी म्हणालो.

तारा काढून तिच्या दातांचं माप घेतलं आणि मी प्लास्टर ओतलं. मग कपाटातून भावनाचे प्लास्टरचे दात काढले, तारा काढल्या त्या दिवशीचे. दोन्ही शेजारी ठेवले. तळाचं नाव वाचल्याशिवाय कोणते कोणाचे, ते मला सांगता येईना.

मी घाबरलो. तारा पुन्हा बांधल्याच नाहीत. मग तिच्या अगदी पहिल्या मापावरून, फटीसकट, नवी प्लेट बनवली. दात हळूहळू जुन्या जागी जातील, एवढीच आशा होती.

आठवड्याने दोघी आल्या. अक्षता खुर्चीत बसली. मी प्लेट लावून पाहिली.

बसेना.

मॅडमनी पर्समधून गुलाबी डबी काढली. भावनाच्या प्लेटची.

"ही बघा बरं लावून."

"मॅडम, नको."

अक्षताने डबी ओढून घेतली. आरसा मागितला नाही. सवयीने प्लेट तोंडात घालून अंगठ्याने वर दाबली.

टक्.

प्लेट आणि दातांमध्ये कुठे केसाएवढीही फट नव्हती. मॅडम रडत होत्या आणि हसतही होत्या.

"अक्षता, टोचत नाही ना?"

पोरगी ओशाळून हसली.

"बिलकुल न्हाई सर. आता रोज रात्री लावीन. मागच्या टायमाला लई कंटाळा केल्ता मी."

नवी प्लेट ट्रेमध्येच राहिली. ती न्यायला अजून कोणी आलेलं नाही.