फॉरमॅट मारायचा नाही!

"खबरदार! स्क्रू काढलास तर!"

मिरची दारातूनच ओरडली आणि दुरुस्तीवाल्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर जागच्या जागी थांबला.

मिरची म्हणजे खाजगी गुप्तहेर. पाठीमागे तिला सगळेच मिरची म्हणायचे. तोंडावर म्हणायची छाती फक्त तिच्या मामेभावाची. तो भोपळा. तिची बॅग सांभाळत, धापा टाकत तो मागून आला.

बॅगा शिवायचं वर्कशॉप होतं ते. टेबलावर कापडाचे तुकडे, टाचण्या, पर्सला लावायच्या चुंबकी बटणांचा डबा आणि मधोमध तो लॅपटॉप, गुबगुबीत कापडी कव्हरात बसलेला. शेजारी बॅगांची डिझायनर उभी, मागे तिची भागीदारीण, कोपऱ्यात नवरा. डिझायनर रडत नव्हती, धुमसत होती.

"माझीच बॅग दुसऱ्या कंपनीनं बाजारात आणली. आता खरेदीदार मलाच चोर म्हणतायत! तासाभरात येतील. पहिल्या रेघेपासूनची सगळी चित्रं, तारखांसकट, ह्यातच आहेत. आणि हा आठवडाभर असं करतोय!"

तिनं बटण दाबलं. पंखा गुरगुरला, कंपनीचं चिन्ह झळकलं आणि स्क्रीन काळीठिक्कर. कडेचा छोटा दिवा मात्र सावकाश लुकलुकत राहिला.

"दुसरी कॉपी?" मिरचीनं विचारलं.

"आहे ना. ह्यातच, वेगळ्या फोल्डरमध्ये."

"शाबास! घराची जादा किल्ली घरातच ठेवून कुलूप लावलंस!"

भोपळा वाकून बघायला गेला आणि टाचण्यांचा डबा लवंडला. "सॉरी, सॉरी!" तो वेचू लागला. एक टाचणी कव्हरच्या कोपऱ्याला चिकटून बसली होती, ती पटकन सुटेना. "काय शिवलंय पण हे! एक टाका उसवलेला नाही."

"मी शिवलंय," भागीदारीण म्हणाली. "घरी बसून, एकटीनं. हिच्या वाढदिवसाला, गेल्या आठवड्यात."

मिरची दुरुस्तीवाल्याकडे वळली. "तू काय करणार होतास?"

"डिस्क काढून नेतो, फॉरमॅट मारून आणतो. ह्या भागीदार मॅडमनीच बोलावलं. काल साहेबांनी दुकानात आणला तेव्हा लोण्यासारखा चालला हो! इथं आला की बंद. म्हणजे डिस्क मरायला टेकलीय."

"चालत होता तेव्हा कॉपी का नाही केलीस?"

"कुणी सांगितलंच नाही."

"कुणी सांगितलं नाही!" मिरचीचा आवाज चढला. "आणि पुसायला मात्र कुणीही सांगितलं की पळत येतोस!"

नवरा कोपऱ्यातून म्हणाला, "मी कधीचा म्हणतोय, सोड हा धंदा. डोक्याला ताप नुसता."

"तुम्हीच नेला होता ना दुकानात? कव्हरसकट?"

"छे! माझ्या सॅकमध्ये मावेना. कव्हर इथंच ठेवलं."

"बसा सगळे," मिरची म्हणाली. "भोपळ्या, आपली बाहेरून जोडायची डिस्क काढ."

तिनं लॅपटॉप कव्हरातून सोडवून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला आणि बटण दाबलं. तो सुरू झाला! डिझायनर किंचाळलीच.

"आधी कॉपी. मग भांडण."

कॉपी पूर्ण झाली. मग मिरची बोलू लागली.

"मेलेल्या मशीनचा दिवा लुकलुकत नाही. झोपलेल्याचा लुकलुकतो. झाकण मिटलंय हे लॅपटॉपला चुंबकावरनं कळतं. खालून दुसरं चुंबक लावलं की झाकण उघडं असूनही तो झोपतो. दुकानात चालला, कारण कव्हर नव्हतं. इथं बंद पडतो, कारण कव्हर आहे. आणि कापडाला टाचणी चिकटते कधी?"

"आयला!" भोपळा म्हणाला. "पण बटणांचा डबा इथं उघडाच आहे. कुणीही घातलं असेल की आत!"

"कुठून? तूच म्हणालास, एक टाका उसवलेला नाही. चुंबक अस्तर शिवायच्या आधीच आत गेलंय. आणि शिवलं एकटीनं, घरी बसून."

तिनं कात्रीनं कोपरा फाडला. पर्सची चुंबकी बटणं टपाटप टेबलावर पडली.

भागीदारीण ताडकन उठली. "हो, मी विकलं डिझाइन! बोटं सुजेपर्यंत बॅगा मी शिवायच्या आणि नाव हिचं!"

"मग भांडायचंस ना माझ्याशी!" डिझायनरनं टेबलावर मूठ आपटली. "तोंड नव्हतं तुला? नाव मागितलं असतंस तर दिलं असतं! वाढदिवसाची भेट म्हणून हे दिलंस? माझं काम माझ्याच परवानगीनं पुसायला निघालीस?"

भागीदारीण दाराकडे निघाली. भोपळा नुसता दारात उभा राहिला. तेवढ्यानंच दार भरलं.

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. खरेदीदार आले होते. डिझायनरनं भोपळ्याला बाजूला केलं आणि स्वतः दारात गेली.

"या, बसा," ती म्हणाली. आवाज थरथरत होता, पण रागानं. "माझी चित्रं दाखवते. पण आधी हिचं ऐका. तुम्ही मला चोर म्हणत होता ना, खरा चोर कोण, हे हीच सांगेल."

आणि तिनं भागीदारणीसाठी खुर्ची ओढली.